ब्लॉक सातचा डोंगर आणि माझी सही

वैशंपायन सरांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे उतरतो आम्ही. कॅरम बोर्ड आहे नुसता."

बोट होतं अंटार्क्टिकाच्या आतल्या भागातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही होतो हडपसरला, आमच्या मॅपिंग कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, मीटिंग रूममध्ये. सर हिमनद्यांचा अभ्यास करतात. वय साठीला टेकलेलं, चण बारीक, बोलणं मोजकं. दोन सहकाऱ्यांना घेऊन ते त्या डोंगरावर जाणार होते. तिथल्या उघड्या खडकात एक जीपीएस यंत्र कायमचं बसवायचं होतं. चाकांच्या जागी स्की लावलेलं छोटं विमान त्यांना पायथ्याशी सोडणार होतं. त्या सीझनमध्ये ते विमान त्यांना एकदाच मिळणार होतं, आणि उतरायची जागा पायलटला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायची होती. त्या दिवशी बुधवार होता.

त्या डोंगरावर आजवर कोणी पाऊल ठेवल्याची नोंद सरांना सापडली नव्हती. जुन्या नकाशात तिथे एक त्रिकोण, एक उंची आणि उंचीपुढे प्रश्नचिन्ह एवढंच होतं. आमच्या कामाच्या यादीत तो सातव्या क्रमांकाच्या तुकड्यात पडत होता, म्हणून ऑफिसात त्याचं नाव ‘ब्लॉक सात’.

मी या कंपनीत क्वालिटी हेड आहे. नाव मुमताज तांबोळी. माहेर मंडईच्या मागे, वडिलांचं पानाचं दुकान. नकाशे करण्यात तीस वर्षं घालवली आणि त्यातली बरीचशी गटारं, रस्ते आणि विजेचे खांब मोजण्यात गेली. अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस कोणी न चढलेला डोंगर येऊन पडला तर काय होईल? पहिल्या दिवशी मी डबा खायला विसरले. जिथे माणूस पोचला नाही तिथली प्रत्येक कडा आपण आधी बघणार, हे डोक्यातून जाईना.

आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. उपग्रह एकाच जागेचे दोन फोटो दोन कोनांतून घेतो. एक फोटो डाव्या डोळ्याला, दुसरा उजव्या डोळ्याला दाखवणारा चष्मा घातला की स्क्रीनवर खोली दिसायला लागते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, दोन डोळे कशासाठी लागतात ते कळेल. मग स्क्रीनवर एक ठिपका असतो. तो हाताने वरखाली करायचा आणि जमिनीवर अलगद टेकवायचा. टेकला की त्या जागेची उंची मिळाली. अशा हजारो ठिपक्यांवरून कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा काढायच्या.

आता हे ठिपके बहुतेक सॉफ्टवेअरच टेकवतं. दोन्ही फोटोंत तोच दगड, तीच खूण शोधतं आणि उंची काढतं. जिथे खूण सापडत नाही तिथे भोक राहतं. क्लायंटला भोकं आवडत नाहीत. म्हणून ती भोकं कडेच्या उंच्यांवरून भरून काढायची सोय असते. पलंगाची पट्टी तुटलेली असली तरी वरून चादर ताणली की पलंग सपाटच दिसतो, तसं.

सर निघून गेले. जाताना म्हणाले, "तांबोळीबाई, काम चोख आहे हो." पुण्यात एवढं म्हणजे सत्कारच. मी जागेवर येऊन बसले, खुशीत होते, आणि पुन्हा एकदा ती नकाशाची शीट उघडली. फक्त बघायला म्हणून.

बघता बघता खुशी उतरायला लागली. डोंगराच्या अंगावर कंटूर कसे हवेत तसे होते, वेडेवाकडे, दाटीवाटीचे. पायथ्याच्या त्या सपाट भागात मात्र ते फणीच्या दातांसारखे सरळ गेले होते. तीस वर्षांत मी इतकी शहाणी जमीन पाहिलेली नाही. क्रिकेटचं मैदानसुद्धा एवढं नीट नसतं.

खरं सांगायचं तर खडकाचा भाग मी स्वतः चष्मा लावून तपासला होता, कारण त्यात मजा होती. पायथ्याचा बर्फ कंटाळवाणा वाटला. तिथले आकडे नजरेखालून घातले आणि सही केली.

गुरुवारी सकाळी लवकर निघाले. आमचे हे खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. चहा पिता पिता म्हणाले, "बर्फाचा डोंगर आहे. पळून जाणारे का?"

"डोंगर नाही पळत. बर्फ सरकतो," मी म्हटलं आणि कप खाली ठेवला. हिमनदीचा बर्फ वाहतो, फार हळू, पण वाहतो. डोंगराला वळसा घालताना तो ताणला जातो आणि फाटतो. त्या भेगा पाच-दहा मजले खोल असू शकतात. वर ताज्या बर्फाचं छत धरतं आणि वरून काही कळत नाही. ब्लॉक सातला वळसा घालून एक हिमनदी जात होती, आणि सरांचा कॅरम बोर्ड बरोब्बर त्या वळणावर होता.

ऑफिसात प्रणोती माझ्या आधी आलेली होती. ही यवतमाळची, चार वर्षांपासून आमच्याकडे. ठिपका टेकवण्यात तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी तिला मुद्दाम सांगत नाही. मी तिला चष्मा दिला आणि म्हटलं, "या सपाट भागावर ठिपका टेकव."

तिने वर केला, खाली केला. पुन्हा वर. "मॅडम, टेकतच नाही. टेकवू कशावर? खाली काहीच नाही, नुसतं पांढरं आहे."

"सॉफ्टवेअरने टेकवलाय."

"त्याने भोक भरलं आहे." तिने रंगीत थर चालू केला. कुठे खरं मोजमाप आहे आणि कुठे भरणी, ते त्यात दिसतं. कॅरम बोर्ड संपूर्ण भरणी होता. एकही खरा ठिपका नव्हता. तो थर मी सही करण्याआधी बघायला हवा होता.

"पण मॅडम," ती म्हणाली, "बर्फ इतका कोरा काहून असेल? वारा लागतो, ऊन लागतं. काहीतरी तर दिसायला पाहिजे."

तेव्हा मला आठवलं.

उपग्रहाच्या मूळ फोटोत उजेडाच्या दोन हजारांहून जास्त छटा असतात. आमच्याकडे फोटो आत घेताना पहिल्याच पायरीला त्या दाबून अडीचशेच्या आसपास आणतात. त्याला आम्ही एट बिट करणं म्हणतो. फाईल हलकी होते, काम भराभर होतं. शहराच्या फोटोत काही बिघडत नाही. काळा डांबरी रस्ता, लाल कौल, हिरवं झाड, सगळं वेगळंच राहतं. बर्फाचं तसं नाही. तिथे जो काही फरक असतो तो पांढऱ्या-पांढऱ्यातलाच. वीस जातींचे तांदूळ एका पिंपात ओतले की मग आंबेमोहोर निवडून दाखवा म्हणण्यात अर्थ नसतो.

"ही एट बिटची पायरी मला पहिल्या दिवशीच कळली नव्हती," प्रणोती म्हणाली. "तिघांना विचारलं, का करतो म्हणून. तिघेही म्हणाले, प्रोसेस आहे. मग मी विचारणं सोडलं."

"मला विचारायचंस."

"तुम्हाला कशी विचारणार? तुम्ही हेड."

तो नियम मीच केला होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, जेव्हा आमचे कॉम्प्युटर एक मोठा फोटो उघडताना मान टाकत. त्यानंतर तीनदा कॉम्प्युटर बदलले. नियम तसाच राहिला. त्याच्याखाली कोणाचं नाव नव्हतं, त्यामुळे तो देवाने केल्यासारखा सगळे पाळत होते. मीसुद्धा.

सर्व्हरवरून मूळ फोटो काढला. न दाबता उघडला. अर्थात पहिल्यांदा तोही पांढराच दिसला. मग मी उजेडाचे दोन्ही टोकांचे आकडे धरून पांढऱ्यातला फरक ताणायला सुरुवात केली.

"अजून ओढा मॅडम. अजून थोडं."

आणि कोऱ्या स्क्रीनवर रेषा उमटायला लागल्या. आधी वाऱ्याने पाडलेले बर्फाचे वरंबे, नांगरलेल्या शेतासारखे, एका दिशेने जाणारे. मग त्यांना आडव्या दुसऱ्या रेषा. लांब, किंचित वाकड्या, एकमेकींना समांतर. आम्ही दोघींनी चष्मे चढवले. त्या रेषा खाली दबलेल्या होत्या. दहा, पंधरा, वीस. सरांनी बोट ठेवलं होतं त्या जागेतून आरपार.

"अरे बाप्पा," प्रणोती हळूच म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, त्यात भीती अर्धीच होती. उरलेला अर्धा आनंद होता. काल जिथे काहीच नव्हतं तिथे आज एक अख्खी हिमनदी वळताना दिसत होती. तीन माणसांचा जीव त्यात गुंतलेला असताना आनंद होणं बरोबर नाही, हे मला कळत होतं. तरी झाला.

निखिल आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. पस्तिशीचा, हुशार, सतत कानात काहीतरी घातलेला. मी त्याला स्क्रीन दाखवली.

"मॅडम, पण क्लायंटने अ‍ॅक्सेप्ट केलंय. साइन-ऑफचा मेल आहे माझ्याकडे."

"मेलवर विमान उतरवायचंय का?"

"तसं नाही. तुम्ही शंभर टक्के शुअर आहात? कारण ही जागा कॅन्सल केली आणि दुसरी मिळाली नाही, तर त्यांचा सीझन गेला. विमान पुन्हा मिळणार नाही. दोन वर्षं तयारी केलीये त्यांनी. आणि नंतर कळलं की त्या नुसत्या सावल्या होत्या, तर?"

प्रश्न रास्त होता. म्हणून मी रागावले नाही, म्हणजे फार नाही. त्याला चष्मा घातला आणि ठिपका त्याच्या हातात दिला. एका भेगेच्या काठावर त्याने तो टेकवला, मग मधोमध नेला. ठिपका हवेत लटकला. टेकवायला त्याला चांगला तीन मीटर खाली न्यावा लागला. सावली खाली जात नाही.

निखिलने कानातलं काढून टेबलावर ठेवलं. "सरांना फोन तुम्ही करणार की मी?"

"सही माझी आहे."

सर मंडईत होते. शेंगदाणे आणि खजूर घेत होते, मोहिमेसाठी. मागे भाजीवाल्यांचा आवाज. मी सांगितलं की कालची जागा चुकीची आहे, भेगा आहेत, तुम्ही येऊन बघा.

मग ते म्हणाले, "काल कॅरम बोर्ड होता."

"होता. आज नाही."

"आलो."

सर तासाभराने पोचले, खजुराच्या पिशवीसकट. आल्या आल्या चष्मा लावून बसले. एकेका भेगेवर ठिपका नेऊन बघितला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"नकाशावर सही आपलीच होती ना?"

"हो. माझीच. या भागात मी चष्मा लावून बघितलं नव्हतं."

"मग आता दुसरी करा," सर म्हणाले. "या खेपेला बघून."

मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. त्यांनी आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं.

आता शुक्रवारी पाचपर्यंत दुसरी जागा शोधायची होती. सरांनी अटी सांगितल्या. लांबी किमान आठशे मीटर. उतार जवळजवळ नको. खडकापर्यंत चालत एका दिवसात पोचता यायला हवं. आणि एकही भेग नको. हे सांगून ते माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि घरी गेले नाहीत.

सगळ्या ब्लॉक सातचे मूळ फोटो आम्ही पुन्हा आत घेतले. सॉफ्टवेअरला बाजूला ठेवलं. डोंगराची पश्चिम बाजू मी घेतली, पूर्व प्रणोतीने. ठिपका टेकवायचा, नोंदवायचा, पुढे जायचं. हे काम नवीन मुलं करत नाहीत, कारण त्यांना करावं लागत नाही. मला मात्र अगदी नोकरीच्या पहिल्या वर्षात गेल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी सातला मी सगळ्यांना घरी पाठवलं, कारण दमलेला डोळा खोली चुकवतो. पश्चिमेला तोपर्यंत एक जागा सापडली होती आणि बादही झाली होती. आठशे मीटरच्या अलीकडेच तिला एक भेग आडवी जात होती.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला प्रणोती म्हणाली, "मॅडम, इकडे पाहा ना जरा."

डोंगराची एक सोंड पूर्वेला खाली उतरते. हिमनदी तिच्यावर आपटून बाजूने निघून जाते. सोंडेच्या मागे एक छोटं बर्फाचं मैदान होतं, प्रवाहापासून वेगळं पडलेलं. जुन्या शीटवर तिथेही भरणीच होती, आणि भरणीने तिथे चांगलाच उतार दाखवला होता. त्यामुळे त्या जागेकडे कोणी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. प्रणोतीचे ठिपके मात्र सांगत होते की ते जवळपास सपाट आहे. लांबी नऊशेच्या वर. मी तिची प्रत्येक ओळ पुन्हा चालवली. सगळीकडे वरंबे होते. त्यांना आडवं जाणारं काहीच नव्हतं.

"बर्फ तिथे थांबतो," सर पुटपुटले. "थांबतो म्हणून फाटत नाही." आणि मग या मोजकं बोलणाऱ्या माणसाने खुर्ची मागे ढकलली आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

निखिलने विचारलं, "वरंब्यांचं काय? विमान आपटणार नाही त्यावर?"

तो प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नव्हता. सर म्हणाले की वरंबे आडवे लागले तर स्की मोडते, त्यांच्या दिशेने उतरलं तर चालतं. उंची मोजता येईल इतके ते मोठे नव्हते, पण दिशा फोटोत स्वच्छ दिसत होती. नशिबाने ती मैदानाच्या लांबीच्या बाजूनेच होती. निखिलने स्वतः शीटवर बाण काढला आणि बाणाचा कोन तीनदा तपासला.

तरी तीन ठिकाणी आम्हाला काहीच दिसलं नाही. डोंगराची काळी सावली पडली होती. आधीच्या शीटवर तिथे कंटूर होते, अगदी देखणे. मी ते पुसायला लावले.

"मॅडम, नकाशात भोकं?" निखिल म्हणाला.

"भोकंच. आणि आत लिही, ‘दिसलं नाही’."

चार वाजून वीस मिनिटांनी मी सही केली. पाचला दहा कमी असताना पायलटकडून मेल पोचल्याचं उत्तर आलं. प्रणोतीने खजुराची पिशवी फोडली. पहिला खजूर सरांनीच उचलला.

त्यानंतर पाच आठवडे मी रोज सकाळी मेल उघडताना मनातल्या मनात दुवा मागत होते. तो डोंगर माझ्या डोळ्यांना आता घरच्या गल्लीइतका पाठ झाला होता, पण आपल्याला पाठ आहे म्हणून तो तसाच असेल याची खात्री कोण देणार? सहाव्या आठवड्यात मेल आला. एक फोटो आणि चार ओळी. फोटोत सोंडेमागचं मैदान, लाल विमान आणि तीन इवलीशी माणसं. मजकूर असा होता: "बाणाच्या दिशेने उतरलो. पायलटने आधी जुन्या जागेवरून एक फेरी मारली. तिरप्या उन्हात भेगा मोजायला लागला आणि मध्येच सोडून दिलं. यंत्र बसलं. शिखराची उंची तुमच्यापेक्षा एक मीटर तीस सेंटिमीटरने कमी भरली."

मी तो मेल उभ्याने मोठ्याने वाचला. प्रणोती रडली. मी रडले नाही असं मी घरी सांगितलं आहे. सव्वा मीटर! एवढ्या उंचावरून घेतलेल्या फोटोंवरून, हडपसरच्या खुर्चीत बसून!

परत आल्यावर सर ऑफिसात येऊन गेले. मी विचारलं की इतकं सगळं झाल्यावर त्यांनी आमच्या दुसऱ्या शीटवर जीव कसा सोपवला. ते म्हणाले, "त्या तीन कोऱ्या जागांमुळे. जो माणूस ‘दिसलं नाही’ असं लिहितो, त्याला बाकीचं दिसलं असणार."

राहिला ऑफिसचा रिपोर्ट. चूक झाली की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘कारण’ असा रकाना आहे. निखिलने मला वाचवायला म्हणून तिथे ‘प्रोसेस गॅप’ लिहिलं. मी ते खोडलं आणि माझं नाव लिहिलं. मग एट बिटचा नियम बदलला आणि नव्या नियमाखालीही नाव घातलं, शिवाय एक्स्टेन्शन नंबर. आता ऑफिसात प्रत्येक नियमाखाली कोणाचं तरी नाव असतं. लोकांना वाटतं मी शिक्षा म्हणून हे सुरू केलं. तसं नाही. नियम खटकला की पुढच्या माणसाला विचारायला कोणीतरी हवं. प्रोसेसला फोन लावता येत नाही.